हे म्हणणे खरे नाही की

कसबा बावड्याच्या कोर्टात एकोणतीस वर्षं
मी दुसऱ्यांची वाक्यं टाईप केली.
साक्षीदार म्हणायचा, "न्हाई ओ, म्या कशाला खोटं बोलू?"
साहेब सांगायचे, आणि माझ्या बोटांखाली उतरायचं:
हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे.
रुकडीची बोली, गगनबावड्याची बोली, हुंदका, खोकला,
सगळं त्या एका साच्यात,
शिरोलीच्या फौंड्रीत रस ओततात तसं.

त्याच शिरोलीतला वृषभ मगदूम. पॅटर्नमेकर.
हात चांगला, म्हणून जर्मनीला गेला,
आणि तिथल्या कँटीनमध्ये तोच हात उचलला.
समोरचा पडला. टेबलाच्या कोपऱ्यावर पडला.
एका डोळ्याची नजर गेली त्याची.

निकाल टपालानं आला, एकवीस पानं.
सुगंधाबाई तो पिशवीतून काढून माझ्यापुढं ठेवतात,
भडंगाच्या पुड्यासोबत.
विद्यापीठात जर्मन शिकलेली माझी भाची, श्रावस्ती, वाचते.
मी इकडचं सांगते.

"वर तिघं बसलेली, वृषभ लिव्हतो. ती कोन?"
एक न्यायाधीश. बाकीची दोघं साधी माणसं,
एक बाई बेकरीवाली, एक बसड्रायव्हर.
मत तिघांचं सारखंच मोजतात.
"म्हंजे केएमटीचा ड्रायव्हर माझ्या पोराला शिक्षा देनार?"
मग, पुड्याची गाठ सोडत,
"बरं हाय. त्याला कँटीन ठावं असंल."

"किती तारखा पडल्या?"
दोन. मंगळवारी सुरू, पुढच्या सोमवारी शिक्षा. तीन वर्षं.
इथं दोन तारखांत आरोपपत्राची नक्कलही हातात पडत नाही,
मी म्हणते, आणि मलाच लाज वाटते,
जणू फाईल मीच दाबून ठेवली होती.

"वकील वरडला न्हाई?"
फारसा नाही. तिथं साहेबच विचारतात सगळं,
आधी फाईल वाचून येतात.
इथले साहेब बघतात
दोन्ही वकिलांनी पुढ्यात काय आणून टाकलं तेवढंच.
"मग चांगलं कुठलं?"
मला सांगता येत नाही.
आधी वाचून आलेला माणूस
जास्त शहाणा असतो, की जास्त ठाम?

शपथ आरोपीला तिथंही नाही, इथंही नाही.
गप्प बसायची मुभा दोन्हीकडं.
"गप बसायला जमलं असतं
तर गेला असता का आत," सुगंधाबाई म्हणतात.

नोंदीच्या शेवटच्या पानावर श्रावस्ती अडते.
'आरोपीस अखेरचा शब्द देण्यात आला.'
तिथला नियम आहे, मावशी. सगळ्यांचं बोलून झालं
की निकालाआधी शेवटी आरोपीच बोलतो.
"काय म्हनला?"
ते लिहिलेलं नाही. दिला, एवढंच लिहितात.

आमच्याकडं लिहितात. मीच लिहिलंय.
आरोपीचा जबाब, शंभर शंभर प्रश्न.
खोटे आहे. माहीत नाही. खोटे आहे.
आणि शेवटी, आणखी काही सांगायचे आहे काय?
माझ्याविरुद्ध खोटी केस केली आहे.
खरं सांगायचं तर हे उत्तर
तो तोंड उघडायच्या आत मी टाईप करून मोकळी व्हायचे.

"लिव्हा तुम्ही. मी सांगते काय म्हनला असंल,"
सुगंधाबाई म्हणतात, "पोटचा हाय."
खिडकीतून कारखान्याच्या मळीचा वास येतो.
मी मशीनमध्ये कागद घालते, तारीख टाकते,
सवयीनं समास सोडते.
ऐकीव पुरावा, ग्राह्य नाही, मनात येतं,
आणि हा तर ऐकीवसुद्धा नाही.

त्या तोंड उघडतात. मिटतात.
बऱ्याच वेळानं विचारतात,
"मराठीत बोलला असंल, का त्या भाषेत?"
दुभाष्या होता, श्रावस्ती म्हणते. म्हणजे मराठीत.
"मग ऐकलंय कुनीतरी,"
सुगंधाबाई पिशवी उचलतात.
रुकडीची गाडी साडेपाचला.

कागद अजून मशीनमध्ये आहे.